तीन रिकाम्या रकान्यांसाठी तीन आठवडे

नाक चोंदणे आणि गालाच्या हाडांमागचा ठणका सलग १२ आठवड्यांहून अधिक टिकला, तर सायनसची सूज जुनाट मानतात. माझे असे दोन पावसाळे गेले होते. गुहागरहून चिपळूणला नाक-कान-घसा तज्ज्ञांकडे गेले, सीटी स्कॅन झाला, त्यात पॉलिप (नाकाच्या आतल्या अस्तराच्या मऊ गाठी) आढळले नाहीत. नाकातला औषधी फवारा आणि मिठाच्या पाण्याने नाक धुणे चालू ठेवून जोडीला कमी शक्तीच्या लेझरच्या १० सिटिंग घेऊन पाहू, असे डॉक्टरांनी सुचवले.

अडले ते फिजिओथेरपी विभागाच्या खिडकीवर. माझ्या चिठ्ठीवर केवळ ‘लेझर, १० सिटिंग’ एवढेच होते, तर विभागाच्या अर्जात प्रकाशाची तरंगलांबी, दर बिंदूला द्यायची ऊर्जा आणि चेहऱ्यावरचे बिंदू असे तीन रकाने होते, आणि ते डॉक्टरांनीच भरलेले हवेत असा नियम होता. डॉक्टर फक्त मंगळवारी येत. मी पुन्हा वर जाईपर्यंत ते निघून गेले होते. पुढच्या मंगळवारी भर पावसात एसटीने पोहोचले, तर ते रजेवर असल्याचे तिथे गेल्यावर कळले. तिसऱ्या मंगळवारी रकाने भरून मिळाले, पण केस पेपरची दोन आठवड्यांची मुदत आदल्याच दिवशी संपली होती, आणि नवा पेपर काढून रांगेतून परत येईपर्यंत दुपारी एकला खिडकी बंद झाली. “बाई, आता नव्या पेपरवर पुन्हा सही लागेल, पुढच्या मंगळवारी या,” असे मला शांतपणे सांगण्यात आले. चौथ्या खेपेस विभागातल्या ताईंनी माझी कागदपत्रे पाहिली, सरळ डॉक्टरांना फोन लावला आणि दोन मिनिटांत नोंद केली. हा फोन पहिल्याच दिवशी करता आला असता, याचा राग अजून जात नाही.

रकान्यांतला प्रश्न मात्र रास्त आहे. लाल प्रकाश आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश त्वचेखाली सारखाच खोल जात नाही, त्यामुळे कोणता प्रोब (त्वचेवर टेकवायचे लेझरचे टोक) वापरायचा हे ठरलेले असावे लागते. म्हणून डॉक्टरांच्या खोलीतून उठण्यापूर्वीच हे तिन्ही तपशील लिहून घ्यावेत.

प्रत्यक्ष उपचारात गाल आणि भुवयांवरच्या बिंदूंवर प्रोब टेकवतात. शेकाच्या दिव्यासारखी ऊब लागत नाही, म्हणून काही होतच नाही असे समजू नये. संरक्षक चष्मा पूर्ण वेळ डोळ्यांवर हवा. नाकपुडीत अतिनील आणि दृश्य प्रकाश एकत्र सोडण्याची पद्धत निराळी असून ती मुख्यतः ॲलर्जीच्या नाकासाठी आहे. आंब्याच्या मोहोरात शिंका येणाऱ्या माझ्या बहिणीने दोन्ही एकच मानले होते. डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक चालू असल्यास तेही आधीच सांगावे, कारण त्या औषधाने त्वचा प्रकाशाला हळवी होते.

सहाव्या सिटिंगनंतर वाकल्यावर येणारा ठणका कमी झाला. त्यात फवाऱ्याचा वाटा किती आणि लेझरचा किती, हे मला वेगळे काढता येणार नाही. डॉक्टरांनीही पूर्ण बरे होण्याचे आश्वासन दिले नव्हते.

आणखी एक सांगायचे राहिले: नाक धुण्यासाठी विहिरीचे पाणी थेट वापरू नये, उकळून कोमट केलेलेच घ्यावे.