आमची वाटचाल : पार्टी फुटली तेव्हा

काळाचौकी, लालबाग, करी रोड या पट्ट्यात ज्यांनी गणपती आणलाय, हळद लावलीय किंवा हंडीला खांदा दिलाय, त्यांनी आमचा बेंजो, म्हणजे बेंजो-ढोल-ताशा वाजवणारी आमची पार्टी, ऐकलेली आहे. नाव कदाचित माहीत नसेल, रस्त्यावर बॅनर वाचायला कोणाला सवड असते? पण ताशाची उठावणी, म्हणजे नाच उठवणारा तुकडा, कानावर पडली की जुनी माणसं आजही सांगतात, ही कोणाची पार्टी ते. हे आम्ही रस्त्यावर उभं राहून कमावलं. माझ्या जोडीदाराने पार्टी फोडली तेव्हा ते आमच्याकडून काढून घ्यायचा प्रयत्न झाला, आणि त्याची अर्धीच गोष्ट समोरच्यांनी, म्हणजे त्याने आणि त्याच्याबरोबर गेलेल्यांनी, सगळ्या मुंबईला ऐकवली आहे. उरलेली अर्धी आज मी लिहितो.

आमचे वडील गिरणीत. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या हाकेवर संप झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. आमच्या वयाच्या पोरांना गिरणीत चिकटायचं होतं, ते दारच बंद झालं. चाळीच्या मंडळाचे ढोल-ताशे माळ्यावर पडलेले असायचे. त्यातूनच आम्ही दोघं उभे राहिलो. एकाच चाळीत, एकाच मजल्यावर वाढलेलो. तो बेंजो वाजवायचा, मी ताशा वाजवायचो आणि हिशेब ठेवायचो. १९८८ च्या गणपतीत पहिली सुपारी, म्हणजे वाजवायचं काम, घेतली, हातगाडीवर अहुजाचा अॅम्प्लिफायर, दोन भोंगे आणि भाड्याचा जनरेटर ठेवून.

या धंद्यातल्या नव्या पोरांना हत्याराची, म्हणजे वाद्याची, किंमत नाही, म्हणून थोडं सांगतो. बेंजो हे वाद्य मूळचं जपानी. १९१२ साली नागोयाच्या गोरो मोरिता यांनी टाइपरायटरसारख्या कळा बसवून ते बनवलं, ताइशोगोतो नावाने. आपल्याकडे आल्यावर ते बुलबुलतरंग झालं. घरात मांडीवर घेऊन वाजवायचं नाजूक वाद्य. त्याला पिकअप लावून, भोंग्यात घालून मिरवणुकीपुढे आणलं ते आपल्या मुंबईच्या गल्ल्यांनी. डावा हात कळांवर, उजव्या हातात नखी, आणि तार पोलादी. ती पावसात भिजली की दुसऱ्या दिवशी गंजते. प्रत्येक सुपारीनंतर तारा सुक्या मलमलीने पुसायच्या, कळांच्या खालची स्प्रिंग एकेक दाबून बघायची, पिकअपची वायर सोल्डरपाशी हलते का ते तपासायचं. मी अजून हे स्वतः करतो. पोरं म्हणतात सकाळी करू. सकाळी होत नाही.

ताशाचंही तेच. पूर्वी कातडं असायचं, श्रावणात ढिलं पडायचं, शेकोटीवर शेकून चढवावं लागायचं. आता फायबरचं पान आहे, पाऊस चालतो, पण कातड्याचा कडकडाट त्यात नाही, हे माझं मत आहे आणि ते बदलणार नाही. रोलंडचा एसपीडी-२० ऑक्टोपॅड आला तेव्हा ढोलकी, कोंगा, टिमकी सगळं आठ पॅडवर आलं. आम्ही तो लवकर घेतला, उधारीवर. जनरेटरवर अॅडॉप्टर थेट लावू नका, मध्ये स्टॅबिलायझर घाला. कितीतरी पार्ट्यांचे पॅड मी जळालेले पाहिलेत.

पुढची बरीच वर्षं चांगली गेली. गणपती, नवरात्र, हळदी, साखरपुडे. हातगाडी गेली, टेम्पो आला, २००५ नंतर आपला छोटा हत्ती आला. त्यात वेगळं सांगण्यासारखं काही नाही.

फूट पडली २००९ साली. तिची सुरुवात आधीच्या वर्षी झाली होती. एका गणपतीच्या आगमनाला कोणी तरी कॅमेरा घेऊन आलं, माझ्या जोडीदाराचा बेंजो वाजवतानाचा फोटो छापून आला, मग एका वाहिनीवर दोन मिनिटं दिसला. फोटोत तो एकटा. मागे ताशावर सहा जण, ढोलावर चार, टेम्पोच्या टपावर भोंगे धरून बसलेला पोरगा, आणि गर्दीत केबल सांभाळणारा मी. यातलं कोणीच नाही. आम्हाला त्याचं वाईट वाटलं नाही. आपल्या पार्टीचा माणूस झळकला म्हणून मीच पेढे वाटले.

मग मागण्या सुरू झाल्या. आमची रीत अशी होती की सगळ्यांना एक रोज, म्हणजे दिवसाची मजुरी, बेंजोमास्तरला दीड रोज, हत्यारांचा एक हिस्सा पार्टीत जमा. त्याला दोन रोज हवे होते. ते मी दिलेही असते. पण त्याला बॅनरवर आपलं नाव पार्टीच्या नावाच्या वर हवं होतं, आणि सुपाऱ्या यापुढे त्याच्या मोबाइलवर यायला हव्या होत्या. मी नाही म्हणालो. ढोल बडवणारा पोरगा दिवसभर पाण्यात भिजतो, त्याच्या खांद्याला पट्ट्याचा वळ उठतो. त्याच्या मेहनतीवर एकट्याचं नाव लावायला मी कधी तयार होणार नव्हतो, आणि आजही नाही.

ऑगस्टमध्ये, चतुर्थी आठवड्यावर आलेली असताना, तालमीच्या खोलीला कुलूप तसंच होतं आणि आत पार्टीचा काळा बेंजो नव्हता. ऑक्टोपॅड नव्हता. सुपाऱ्यांची डायरी होती, पण तिच्यातल्या तारखा आणि नंबर त्याने आधीच उतरवून घेतले होते. ऑक्टोपॅडवाला, ताशातले दोघं आणि ढोलातले तिघं त्याच्याबरोबर गेले. दुसऱ्या दिवसापासून मंडळांना फोन जाऊ लागले की पार्टी तीच आहे, फक्त नंबर बदललाय. टी-शर्टचा रंगही आमचाच. उठावणीही आमचीच. ती मी आणि गेलेल्या दोघांपैकी एकाने चाळीच्या गच्चीवर बसवलेली होती, बेंजोचा त्यात एक स्वरही नाही.

माझगावच्या एका मंडळाचे खजिनदार मला म्हणाले, "शेठ, आम्ही ॲडव्हान्स बेंजोला दिला होता." मी विचारलं, पावतीवर सही कोणाची आहे? माझी होती. तरी मी ती रक्कम परत केली, पतपेढीतून कर्ज काढून. त्या गणपतीत जेवढी मंडळं तिकडे गेली त्या सगळ्यांचा इसार मी फेडला. एकाचाही बुडवला नाही. हे त्या लोकांनी कधी कोणाला सांगितलं नाही, म्हणून मी सांगतो.

माझा भाचा गाण्यातला आहे, त्याने मला तेव्हा बीटल्सची हकिकत सांगितली. त्यांचा व्यवस्थापक ब्रायन एपस्टाइन ऑगस्ट १९६७ मध्ये वारला. तो स्टेजवर कधी वाजवत नव्हता. पण तो गेल्यावर पैशाचं कोणी बघायचं यावरून त्या चौघांत जुंपली, १९७० मध्ये बँड फुटला आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी भागीदारी मोडण्यासाठी प्रकरण लंडनच्या कोर्टात गेलं. जगातला सर्वांत मोठा बँड, आणि भांडण कशावरून? हिशेब कोणाच्या हातात, यावरून. आपल्या मुंबईतही १९८४ साली रॉक मशीन हा बँड उभा राहिला, पुढे इंडस क्रीड झाला, १९९७ ला थांबला आणि २०१० मध्ये पुन्हा एकत्र आला. त्यांचं कौतुक वाटतं. आमच्याकडे एकत्र येण्याची गोष्ट निघाली होती, मध्यस्थही होते. मी एकच अट घातली, माझी हत्यारं आधी खोलीत आणून ठेवा. ती आली नाहीत.

आता वर्सोव्याच्या मावशींबद्दल. त्या मासळीचा धंदा करायच्या. मोठ्या मुलाच्या हळदीपासून त्यांच्या घरचं एकही कार्य आमच्याशिवाय झालेलं नाही. कोळीवाड्यात हळदीला बेंजो नसेल तर हळद लागली असं कोणी मानत नाही, आणि वाजवणाऱ्याची परीक्षाही तिथेच होते, कारण बाया-पोरी सगळी कोळीगीतं कोळून प्यायलेल्या असतात, एक ओळ चुकली की नाच थांबतो. त्या वर्षी तुळशीचं लग्न झालं आणि मावशींच्या पुतण्याची तारीख निघाली. समोरच्यांचा फोन त्यांना आधी गेला होता, कमी पैशात. मावशींनी मला फोन केला. मी खरं ते सांगितलं, की बेंजोमास्तर गेला, पॅड गेला, हाताशी जुना तपकिरी बेंजो आहे आणि भाचा नवा आहे. त्या म्हणाल्या, "तू ये रे पोरा. बेंजो नसला तरी ये."

भाचा तोवर कॅसिओ वाजवायचा. तीन महिने तो त्या जुन्या बेंजोवर बसला होता, बोटांच्या पेरांना चिकटपट्टी लावून. हळदीच्या मांडवात समुद्राची दमट हवा, तारा हाताला ओल्या लागत होत्या. तिसऱ्याच गाण्याला तार तुटली. मी ताशाच्या पोरांना डोळ्याने खूण केली, त्यांनी उठावणी लांबवली, ढोल चढवला, आणि मांडवातलं कोणी थांबलं नाही. तेवढ्यात मोबाइलच्या उजेडात मी नवी तार खुंटीला गुंडाळली, भाच्याने कानानेच चढवली आणि पुढच्या समेला तो आत आला. मावशी टेम्पोजवळ उभ्या होत्या. त्यांनी सगळं पाहिलं होतं. निघताना ठरल्यापेक्षा जास्त पैसे त्यांनी भाच्याच्या खिशात घातले आणि मला म्हणाल्या, पुढच्या महिन्यात माहुलला बहिणीकडे आहे, तारीख लिहून घे.

त्या एका कोळीवाड्याने आमची पार्टी जगवली. वर्सोव्याहून माहुल, माहुलहून ट्रॉम्बे, तिथून उरणकडे. मंडळं दोन वर्षांनी आपोआप परत आली, कारण तिकडे रोज वेळेवर मिळत नव्हते आणि पोरं गळायला लागली होती.

पार्टी चालवणाऱ्यांना दोन गोष्टी सांगून ठेवतो. रोज त्याच रात्री द्या, शेवटची आरती झाली की टेम्पोपाशीच, उद्यावर नेऊ नका. इसाराची पावती लिहा आणि तीत रात्री १० ची वेळ घाला. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकरला मनाई करतात, सरकार वर्षाला जास्तीत जास्त १५ दिवस १२ पर्यंत सवलत देतं, बाकी दिवशी पोलिस येतात आणि कार्यकर्ते गायब होतात, जप्त होतो तो तुमचा अॅम्प्लिफायर. डीजेच्या भिंती आल्या तेव्हा लोक म्हणाले बेंजो संपला. २०१८ ला उच्च न्यायालयाने डीजे-डॉल्बीवरची बंदी उठवायला नकार दिला, आणि आमचे फोन पुन्हा वाजायला लागले.

२०२० आणि २०२१ मध्ये मिरवणुकाच नव्हत्या, सार्वजनिक मूर्ती चार फुटांवर आली, आम्ही टेम्पो भाजीला लावला. तेही निभावलं.

गेलेल्या पोरांपैकी ताशातले दोघं आता परत आमच्याकडे आहेत. त्यांना मी एक शब्द विचारला नाही, पहिल्या दिवसापासून पूर्ण रोज लावला. भाचा बेंजोमास्तर आहे, दीड रोजावर, आणि बॅनरवर फक्त पार्टीचं नाव आहे. काळा बेंजो मात्र अजून त्या जुन्या जोडीदाराकडेच आहे, गेल्या वर्षी एका आगमनात मी तो लांबून पाहिला, कळांची पट्टी बदललेली आहे. तो मी विकत घेतला होता आणि पावती माझ्या नावावर आहे. ज्या कोणाला शंका असेल त्याने तालमीच्या खोलीवर यावं, पावती बघावी.