तुम्ही विचारलंत म्हणून : तो चौथा फोटो कुणाचा?

कोल्हापूरजवळ शिरोलीला आमची फाउंड्री, म्हणजे लोखंड ओतायचा कारखाना, तिथं कुणी पहिल्यांदा आलं की भिंतीवरचे फोटो बघून चहा येईपर्यंत प्रश्न ठरलेला, "अंबाबाई, शाहू महाराज, तुमचे वडील, हे कळलं, पण हे चौथे कोण?" एका पाहुण्यांनी तर व्याही का म्हणून विचारलं. नाही हो, ते जमशेद इराणी, टाटा स्टीलचे.

जन्म नागपूरचा, १९३६ चा, म्हणजे अर्धे आपलेच. नागपूर विद्यापीठात जिऑलॉजीत एमएस्सी, मग शेफिल्डला मेटलर्जीत पीएचडी, तिकडेच रिसर्चची नोकरी, ती सोडून १९६८ ला जमशेदपूरला आले आणि आर अँड डी मधून चढत चढत १९९२ ला एमडी झाले. २००१ ला रिटायर, २००७ ला पद्मभूषण, २०२२ ला गेले. पण फोटो त्यासाठी नाही लावलेला.

१९९२ हे वर्ष बघा. त्याच वर्षी सरकारनं स्टीलच्या किमतीवरचं नि वाटपावरचं नियंत्रण उठवलं. तोवर जुनी मशिनरी, जादा माणसं, सगळं त्या बांधलेल्या किमतीत खपून जायचं, आता बाहेरच्या मालाशी गाठ, आणि कंपनीत कामगार ७८ हजारांच्या आसपास! माणसं कमी करणं भागच होतं. पण इराणींनी स्कीम काढली, की जो स्वतःहून जाईल त्याला निवृत्तीच्या वयापर्यंत दर महिन्याला पैसे चालू, मधेच वारला तर घरच्यांना. पुढच्या दहा-बारा वर्षांत संख्या जवळपास निम्म्यावर आली. सगळे खुशीनं गेले असं मी म्हणणार नाही, घरी बसलेल्या माणसाचं काय होतं ते आपल्याला माहितीय, पण चूल तरी पेटती राहिली.

आता माझं. २००९ च्या सुरुवातीला मंदी, एका मोठ्या गिऱ्हाइकानं मालाचं शेड्यूल एका ईमेलवर निम्म्याखाली आणलं, भट्टी दिवसाआड चालायला लागली आणि मी अकरा माणसं कमी केली. त्यात वडलांच्या वेळचा एक मोल्डर, म्हणजे ओतकामाचे वाळूचे साचे करणारा, होता. वाळू मुठीत दाबून, मोडून ओल किती ते सांगायचा, लॅबचा रिपोर्ट नंतर यायचा आणि तेच सांगायचा. त्याला हिशोब दिला, वर एक महिन्याचा पगार. "मालक, पाडव्यानंतर येऊन बघू का?" म्हणाला. मी म्हटलं, बघू. बोलावलं नाही. ऑर्डरी परत आल्या तोवर मी मोल्डिंगचं मशिन घेतलं होतं.

इराणींबद्दल वाचलं ते त्यानंतर. आपण काय टाटा नाही, तेवढं द्यायची ऐपत नाही, पण तेव्हापासून ओतलेल्या प्रत्येक टनामागं थोडे पैसे वेगळ्या खात्यात टाकतो. २०२० ला लॉकडाऊनमध्ये भट्टी थंड होती तेव्हा अर्धा पगार त्यातूनच गेला, एकही माणूस काढला नाही. बँकवाले त्या खात्याला डेड मनी म्हणतात, म्हणू देत.

दोन वर्षांमागं तो मोल्डर नातीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आला. पाणी प्यायला, भिंतीकडं बघितलं आणि त्यानंही तेच विचारलं, "हे कोण हो, मालक?"

"टाटांचे एक साहेब," एवढंच म्हणालो मी, आणि पत्रिका उघडून तारीख बघत बसलो.