जय हे चढवलं कुणी?

आज झेंडावंदनाला ‘जय हे’ आलं आणि अर्धे लोक गप्प. नंतर एक काका पोरांवर ओरडले, “राष्ट्रगीताला तोंड शिवलं होतं का?”

अहो, देशप्रेम कमी पडलं नव्हतं, पट्टी (गाण्याचा मूळ सूर, म्हणजे ‘सा’) चुकली! सुरुवात काळी चारच्या, म्हणजे पेटीवरच्या (हार्मोनियमवरच्या) चौथ्या काळ्या पट्टीच्या, आसपास झाली होती; ती फार उंच. ‘जन गण मन’ मंद्र निषादापासून (खालच्या ‘नी’पासून) तार षड्जापर्यंत (वरच्या ‘सा’पर्यंत) जातं, आणि तो तार षड्ज शेवटच्या तीन ‘जय हे’पैकी पहिल्यातच येतो. पुरुषांचे गळे तिथेच अडकतात. पांढरी एक (पहिली पांढरी पट्टी, बरीच खालची) धरा, सगळे गातील. वेळ ५२ सेकंद. रेंगाळलं की दम संपतो.

आणि उभं राहून गप्प राहणं हा अपमान नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्येच सांगितलंय. मग पोरांवर ओरडण्यापेक्षा सूर धरायला पेटी कुणी का आणत नाही?