बंब, सोलर आणि गाडीतलं गरम पाणी

संभाजीनगरात गुलमंडीच्या मागच्या गल्लीत आमच्या अण्णांचं तांब्याच्या भांड्यांचं दुकान होतं. हंडे, घागरी व्हायच्याच, पण दुकान ओळखलं जायचं ते बंबासाठी. ज्यांनी बंब पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. मधोमध उभी नळी, खाली जाळी, जाळीवर बंबफोड, म्हणजे लाकडाचे छोटे तुकडे, आणि गोवरीचे तुकडे, नळीच्या भोवती पाणी. वरून तांब्याभर गार पाणी ओतलं की तोटीतून तेवढंच कढत बाहेर. एका जाळावर सगळ्या घराच्या आंघोळी उरकायच्या. मी सातवीपासून शाळा सुटली की डाख द्यायला बसायचो. बंब तयार झाला की अण्णा त्यात पाणी भरून जाळ करायचे, नळीच्या सांध्याजवळ तळहात धरायचे आणि मला म्हणायचे, "धूर कुठून जातोय ते आधी बघ. पाणी काय, तापतंच."

गॅस गिझर आले आणि बंब गेले. घर चालवायचं होतं, म्हणून मी वाळूजला भाड्याच्या शेडमध्ये फॅब्रिकेशन सुरू केलं. आधी पाण्याच्या टाक्या, मग सोलर वॉटर हीटर. आमच्या मराठवाड्यात उन्हाला तोटा नाही, त्यामुळे सोलर चाललं. त्रास दिला तो बोअरच्या पाण्याने. पाणी इतकं जड की दोन-तीन वर्षांत नळ्या आतून पांढऱ्या थराने भरून जायच्या. तो थर काढता काढता गरम पाण्याच्या यंत्राबद्दल मी जेवढं शिकलो तेवढं कुठल्या माहितीपत्रकातून शिकलो नाही.

२०२१ मध्ये राज्य सरकारने कारवान पर्यटनाचं धोरण जाहीर केलं आणि लोक गाडीत घर करण्याबद्दल विचारायला लागले. आमचे सोलरचे जुने गिऱ्हाईक, लातूरचे एक डॉक्टर, आपली ट्रॅव्हलर व्हॅन घेऊन शेडवर आले. म्हणाले, "भाऊ, लडाखला जायचंय. ही सोबत आहे. गरम हवा पाहिजे आणि गरम पाणी पाहिजे." पलंग, कपाटं, ओटा हे काम आम्हाला जमणारं होतं. मोटार कारवानसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे, ते वाचून काढलं. आरटीओच्या कागदांना वेळ लागला, पण तेही झालं. अडलं ते हीटरवर.

हवा आणि पाणी दोन्ही तापवणाऱ्या यंत्राला या धंद्यात 'कॉम्बी' म्हणतात. जर्मनीतली ट्रुमा कंपनी या नावानेच ते विकते. ट्रुमाची आतली रचना चित्रात पाहिली आणि मी ते चित्र घेऊन सरळ घरी गेलो. मधे बर्नर, त्याच्या भोवती गोल टाकीत १० लिटर पाणी, आणि पंख्याने ढकललेली हवा तापून चार तोंडांनी गाडीभर फिरते. अण्णांनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाले, "हा तर बंबच आहे. धूर कुठून जातो?" धूर वेगळ्या नळीने गाडीबाहेर जातो आणि जाळाला लागणारी हवासुद्धा बाहेरूनच येते, गाडीतली हवा जाळाला लागत नाही, हे समजावल्यावर त्यांचं समाधान झालं. बंद न्हाणीघरात गॅस गिझर लावून माणसं दगावल्याच्या बातम्या आपण दर थंडीत वाचतो. झोपायच्या गाडीत ही गोष्ट सगळ्यात आधी बघायची.

दोन वेगळी यंत्रं का नाहीत, असं बरेच जण विचारतात. ट्रॅव्हलरमध्ये जागा मोजकी असते. कॉम्बी घेतला तर धुराचं भोक एक, इंधनाची नळी एक, सगळं एका सीटखाली मावतं. तोटा असा की ते बिघडलं की हवा आणि पाणी दोन्ही बंद. हे मी गिऱ्हाइकाला पैसे घेण्याआधी सांगतो.

पहिल्या गाडीत आम्ही गॅसवरचा कॉम्बी बसवला. एका आयातदाराकडून घेतलेला, यंत्र चांगलं होतं. चूक माझी होती, मी यंत्र पाहिलं आणि इंधन पाहिलं नाही. ऑक्टोबर अखेरीला डॉक्टर पँगाँगला पोहोचले. पहाटे तीनला फोन. "भाऊ, सिलिंडर हलवला तर आत खळखळ वाजतंय, पण हीटर बंद आणि शेगडीपण पेटेना." ते दोघं सगळे कपडे अंगावर चढवून, इंजिन थोडा वेळ चालू, थोडा वेळ बंद करत सकाळपर्यंत बसून राहिले. त्या रात्री मलाही झोप आली नाही.

कारण नंतर नीट समजून घेतलं. आपल्या सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण असतं. प्रोपेन उणे ४२ अंशांवरही उकळून वायू होतो. ब्युटेन मात्र शून्याच्या आसपासच सुस्तावतो. उंचावर हवेचा दाब कमी म्हणून हा आकडा थोडा खाली सरकतो, पण कडाक्याच्या थंडीत तेवढ्याने भागत नाही. आधी प्रोपेन निघून जातो आणि तळाशी ब्युटेन द्रव होऊन पडून राहतो. शिवाय गॅस निघताना सिलिंडर स्वतःच आणखी गार पडतो. लग्नातल्या आचाऱ्याला हे चांगलं माहीत असतं, मोठ्या भट्टीवर सिलिंडरला घाम फुटून तळ पांढरा झाला की तो त्याला गरम पाण्याच्या घमेल्यात ठेवतो. युरोपातले लोक थंडीत प्रोपेनचा सिलिंडर घेऊन निघतात. आपल्याकडे रस्त्यात कोपऱ्यावर तो मिळत नाही. म्हणून जो माणूस हिमालयात जाणार, त्याला मी गॅसचा कॉम्बी देत नाही. डॉक्टरांचं यंत्र आम्ही काढून घेतलं आणि डिझेलचं बसवून दिलं, फरकाचे पैसे घेतले नाहीत.

डिझेलचा मोठा फायदा म्हणजे गाडीच्याच टाकीतून इंधन मिळतं आणि ते प्रत्येक पंपावर असतं. १ लिटर डिझेलमध्ये साधारण १० युनिट ऊर्जा असते. १० लिटर पाणी १० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला जेमतेम ०.६ युनिट लागतं, म्हणजे पाण्याचा खर्च किरकोळ. खरं इंधन जातं ते रात्रभर हवा तापवण्यात. आमच्या गाड्यांचा अनुभव असा की मंद आचेवर रात्रीला दीड-दोन लिटर पुरतं.

पण डिझेललाही उंचीची अडचण आहे, आणि ती आम्हाला दुसऱ्या गाडीत कळली. पँगाँगच्या उंचीवर, सव्वाचार हजार मीटरच्या आसपास, हवा समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशच उरते. हीटरचा पंप मात्र ठरलेल्या मापाने डिझेल टाकत राहतो. हवा कमी, डिझेल तेवढंच, मग जाळ नीट जळत नाही, काळा धूर येतो, बर्नर काजळतो आणि यंत्र आपोआप बंद होऊन बसतं. त्या गाडीतला हीटर स्वस्तातला होता, विकणाऱ्याने उंचीबद्दल शब्द काढला नव्हता आणि मीही विचारलं नव्हतं. आता हवेचा दाब ओळखून डिझेल कमी करणारं उपकरण असेल तरच आम्ही यंत्र घेतो, आणि ते कोणत्या उंचीपर्यंत चालतं हे विक्रेत्याकडून लिहून घेतो. आणखी एक गोष्ट, मैदानातलं डिझेल कडक थंडीत मेणासारखं घट्ट होतं. इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी हिवाळी डिझेल आणलं, ते उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं. हिवाळ्यात जाणाऱ्याने खालून भरून नेलेल्या डिझेलवर न राहता वरती मिळेल ते हिवाळी डिझेल टाकीत घ्यावं.

विजेवर पाणी तापवायचं म्हणणाऱ्यांसाठी सरळ हिशोब आहे. तेच ०.६ युनिट १२ व्होल्टच्या बॅटरीतून काढायचं तर इन्व्हर्टरची गळती धरून ५० अँपिअर-अवर जातात. १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी एका बादलीत अर्धी होते. हॉटेलच्या आवारात प्लग मिळाला तर विजेचं कॉइल कामाचं, म्हणून दोन्ही सोयी असलेला कॉम्बी परवडत असेल तर घ्यावा. स्वीडनच्या आल्डे कंपनीची गरम द्रव फिरवणारी पद्धतही चांगली आहे, ऊब फार शांत आणि सारखी, पण ती जड पडते आणि मोठ्या गाडीलाच शोभते.

१० लिटरची टाकी ऐकून लोकांचे चेहरे पडतात. ६० अंशांच्या १० लिटरमध्ये गार पाणी मिसळलं की आंघोळीजोगं सोळा-सतरा लिटर होतं, म्हणजे एका माणसाची बादली. वीसेक मिनिटांत पुढची तयार. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, ते दिवस ज्यांनी काढले त्यांना बादलीत आंघोळ कशी करायची हे शिकवावं लागत नाही. डॉक्टरांच्या पत्नी म्हणाल्या, "अर्ध्या बादलीत केस धुतलेत आम्ही." शॉवर धरून उभं राहायची सवय असलेल्या पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला मात्र हे आधी नीट सांगावं लागतं.

ट्रुमासारख्या कॉम्बीत एक झडप असते, पाणी गोठून टाकी फुटू नये म्हणून ती ३ अंशांच्या आसपास आपोआप उघडते आणि सगळं पाणी खाली सोडते. एका गिऱ्हाइकाने सकाळी गाडीखाली ओल पाहिली आणि टाकी फुटली म्हणून मला व्हिडिओ पाठवला. टाकी शाबूत होती, झडपेने आपलं काम केलं होतं. आता गाडी ताब्यात देताना ती झडप मी त्यांच्याच हाताने उघडून बंद करायला लावतो.

जड पाण्याचं मात्र आमच्या इकडच्या गाड्यांना जास्त जपावं लागतं. निघताना घरच्या बोअरचं पाणी टाकीत भरू नका, फिल्टरचं भरा. वर्षातून एकदा सायट्रिक अ‍ॅसिडचं पाणी फिरवून टाकी धुवा आणि गाडी उभी राहणार असेल तर पाणी पूर्ण सोडून द्या.

सगळ्यांनाच कॉम्बी विकायचा आमचा आग्रह नाही. म्हैसमाळ, चिखलदरा, कोकण एवढंच फिरणार असाल तर पैसे वाया घालवू नका. परभणीचा पारा थंडीत पाच-सहावर उतरतो, तिथली लेकरंसुद्धा एका रजईत निजतात. युरोपातलं यंत्र आयात करून बसवेपर्यंत दोन लाखांच्या पुढे जातं. त्यापेक्षा छपरावर काळ्या पाइपात पाणी भरा, दुपारपर्यंत आंघोळीएवढं तापतं. असं सांगून आम्ही कामं गमावली आहेत, आणि त्याच लोकांनी पुढे दुसरी गिऱ्हाइकं पाठवली आहेत.

संभाजीनगरच्या उन्हात गाडीतल्या हीटरची परीक्षा कशी घ्यायची, हा प्रश्न बरेच दिवस सुटला नव्हता. शेवटी जालन्याकडे ओळखीच्या एका शीतगृहाने रिकामी खोली दिली. गाडी २ अंशांत उभी करायची, धुराची नळी लांब करून भिंतीबाहेर काढायची, गाडीत आणि खोलीत कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा अलार्म लावायचा, आणि रात्रभर दर तासाला तापमान लिहायचं. उंची तिथे मिळत नाही, थंडी मिळते. गेल्या महिन्यात परभणीच्या निवृत्त शिक्षक दांपत्याची गाडी तिथे उभी केली. ते सप्टेंबरात स्पितीला निघणार आहेत. अण्णा आता ८१ वर्षांचे आहेत, तरी ते आमच्याबरोबर आले. स्वेटर, मफलर घालून गाडीखाली वाकले आणि धुराच्या नळीच्या सांध्याजवळ तळहात धरला. एका क्लिपपाशी बारीक ऊब लागत होती. अलार्म वाजला नव्हता, शेडमधल्या मुलांनाही ते दिसलं नव्हतं. नळी सोडवली, क्लिप बदलली, सांधा पुन्हा आवळला आणि हीटर परत लावला. पहाटे साडेचारला अण्णांनी दुसऱ्यांदा हात धरून पाहिलं, तेव्हाच त्यांनी चहा घेतला.