फादर मैदानात काय करतात? तुम्ही विचारलंत म्हणून

वसईच्या नातेवाइकांना हर्लिंग या आयरिश खेळाचे व्हिडिओ पाठवले की आधी सगळे घाबरतात आणि मग ठरलेला प्रश्न येतो, "अगं, या मारामारीत फादर काय करताहेत?" पुण्यातल्या मैत्रिणींचा सूर जरा वेगळा. "धर्मगुरूंनी टीमचं मॅनेजर व्हायचं म्हणजे अतीच नाही का?" मी आयर्लंडच्या क्लेअर काउंटीत राहते, मुलगा इथल्या क्लबात खेळतो, त्यामुळे उत्तर द्यायची जबाबदारी आपोआप माझ्यावर येते. फोनवर ते नीट सांगून होत नाही, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

आधी खेळ. 15-15 जणांचे दोन संघ. हातात अ‍ॅशच्या झाडाच्या बुंध्यातून काढलेली, टोकाला पसरट काठी, ती हर्ली. चेंडूला स्लिटर म्हणतात, आत बूच आणि वर चामडं. तो जमिनीवरून मारता येतो, हर्लीवर तोलत पळता येतं, आणि हातातून किंचित उडवून विटीसारखा टोलवताही येतो. जोरदार फटका ताशी दीडशे किलोमीटरच्या घरात जातो. गोलच्या आडव्या दांडीखालून गेला तर गोल, म्हणजे 3 गुण, वरून गेला तर 1. हेल्मेट सगळ्यांना सक्तीचं झालं ते 2010 साली, म्हणजे परवा-परवा. आणि डब्लिनच्या क्रोक पार्कवर ऐंशी हजार लोकांसमोर खेळणाऱ्या पोरांनाही त्याचे पैसे मिळत नाहीत. रविवारी अंतिम सामना खेळलेला माणूस पुढे आठवड्याभरात शाळेत फळ्यासमोर नाहीतर गोठ्यात.

आता फादर. हा खेळ चालवणारी गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन, इथे सगळे जीएएच म्हणतात, 1 नोव्हेंबर 1884 रोजी टिपेररीतल्या थर्लस गावात, हेज हॉटेलात स्थापन झाली. पुढच्याच महिन्यात कॅशेलचे आर्चबिशप थॉमस क्रोक यांनी आश्रयदाता व्हायला आनंदानं होकार कळवला. क्रोक पार्क हे नाव त्यांचंच. त्या पत्रात त्यांनी इंग्रजांकडून आलेल्या परक्या खेळांवर तोंडसुख घेतलंय. लॉन टेनिस, पोलो, क्रोके आणि, हो, क्रिकेट. चर्चच्या पटांगणात क्रिकेट खेळून वाढलेल्या माझ्या भावांना हे सांगितलं, तेव्हा त्यांचा आर्चबिशपांबद्दलचा आदर तिथल्या तिथे ओसरला.

पण फादर मैदानात आले ते काही त्या पत्रामुळे नाही. खेड्यात क्लब म्हणजे धर्मग्राम, एका चर्चच्या हद्दीतली वस्ती. ज्या चर्चचे तुम्ही, बहुधा त्याच क्लबचे तुम्ही. शेजारचा क्लब चांगला खेळतो म्हणून तिकडे जाता येत नाही. गावात पोरं उरली नाहीत तर संघही उरत नाही, मग दोन क्लब एकत्र करावे लागतात आणि म्हातारी माणसं ते सुतकासारखं पाळतात. पूर्वी सामन्याची सूचना मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेच्या, शेवटी दिली जायची. शाळा फादरच्या देखरेखीखाली, हॉल चर्चचा, पत्रव्यवहार करू शकणारा आणि बऱ्याचदा गाडी असणारा माणूसही तोच. क्लबाचा अध्यक्ष दुसरा कोण होणार? यात भक्तीचा भाग मला तरी थोडाच वाटतो. बाकी सगळी सोय.

या सोयीला दुसरी बाजूही होती. मोठ्या सामन्याच्या आधी चेंडू बिशप टाकायचे आणि कर्णधार गुडघे टेकून त्यांच्या अंगठीचं चुंबन घ्यायचे. जुने फोटो पाहताना मला अवघडल्यासारखं होतं. गंमत म्हणजे हेच चर्च आपल्या फादरांना मात्र काउंटीच्या संघाकडून खेळू देत नसे. मेनूथच्या सेमिनरीत धर्मगुरू व्हायला शिकणारी पोरं आणि तरुण धर्मगुरू मग खोट्या नावानं खेळत. स्टँडमध्ये बसलेल्या निम्म्या लोकांना खरं नाव ठाऊक असायचं, दुसऱ्या दिवशीच्या पेपरात मात्र भलतंच छापून यायचं. पुढे नियम सैल झाला. 1980 साली गॉलवे काउंटीनं 1923 नंतर पहिल्यांदा ऑल-आयर्लंड, म्हणजे देशाचं विजेतेपद, जिंकलं, त्या संघाचे इगी क्लार्क तेव्हा धर्मगुरू होते. उपांत्य सामन्यात खांद्याला दुखापत झाली आणि अंतिम सामना त्यांना मैदानाबाहेरून पाहावा लागला.

मॅनेजर झालेल्या फादरांबद्दल विचाराल तर किलकेनीच्या फादर टॉमी माहर यांना वगळून चालणार नाही. 1945 च्या अंतिम सामन्यात ते स्वतः किलकेनीकडून खेळले आणि हरले. नंतर सेंट कीरन्स कॉलेजात शिक्षक, पुढे तिथले प्रमुख. 1957 मध्ये काउंटीच्या संघाची तयारी त्यांच्याकडे आली आणि त्याच वर्षी किलकेनीनं अंतिम सामन्यात वॉटरफर्डला एका गुणानं हरवलं. 1975 पर्यंत अशी सात विजेतेपदं झाली. त्याआधी तयारी म्हणजे पळायचं, घाम गाळायचा आणि मग आपसात एक सामना. हर्लिंग रक्तातच असावं लागतं, शिकवून येत नाही, असं लोक अभिमानानं म्हणत. माहर यांना ते पटलं नाही. चेंडू उचलणं, दोन्ही बाजूंनी मारणं, समोरच्याची हर्ली अडवणं, हे सगळं त्यांनी सुटं केलं आणि वर्गात धडा घ्यावा तसं घोटवून घेतलं. 1960 च्या दशकात गॉरमन्स्टनला देशभरच्या प्रशिक्षकांसाठी शिबिरं झाली, त्यांतही ते शिकवायला होते, म्हणजे प्रतिस्पर्धी काउंट्यांनाही आपली विद्या वाटून मोकळे. 1975 च्या विजेत्या संघात ब्रायन कोडी नावाचा तरुण बचावपटू होता. पुढे मॅनेजर म्हणून त्यानं किलकेनीला 11 वेळा जिंकून दिलं.

क्लेअरमध्ये राहून मी किलकेनीचं एवढं कौतुक करतेय हे इथे कुणाला कळायला नको. आमचे म्हणजे फादर हॅरी बोहॅन. फीकल गावचे, पेशानं धर्मगुरू, अभ्यासानं समाजशास्त्रज्ञ. 1970 च्या दशकात पूर्व क्लेअरमधली खेडी रिकामी होत होती. पोरं शॅननच्या कारखान्यांकडे, लिमरिककडे नाहीतर थेट इंग्लंडला. बोहॅन यांनी गावातच घरं बांधायची चळवळ उभी केली, रूरल हाउसिंग ऑर्गनायझेशन. तरुण जोडप्याला परवडेल असं घर मिळालं तर ते राहील, ते राहिलं तर शाळा राहील, असा साधा हिशेब. आणि त्याच वर्षांत हाच माणूस क्लेअरच्या हर्लिंग संघाचा मॅनेजर होता. लोक याला दोन वेगवेगळे नाद समजतात. मला ते एकच काम वाटतं. शाळेत पंधरा मुलगे नसतील तर संघ कुठून आणणार?

त्यांच्या काळात क्लेअरनं 1977 आणि 1978 असे दोन वेळा राष्ट्रीय लीग जिंकली, दोन्ही वेळा किलकेनीला हरवून. खरी भूक होती मन्स्टर या आमच्या प्रांताच्या विजेतेपदाची, ते 1932 नंतर मिळालं नव्हतं. दोन्ही वर्षी अंतिम फेरीत कॉर्क आडवं आलं. 1977 ला थर्लसमध्ये सामना चालू असताना बंदूकधारी चोरांनी स्टँडखालून तिकिटांचे चोवीस हजारांवर पौंड उचलून नेले. क्लेअरचे लोक म्हणतात, त्या दिवशी दोन दरोडे पडले. पुढच्या वर्षी फक्त दोन गुणांनी हार, 0-13 विरुद्ध 0-11 (आधीचा आकडा गोलांचा). आमच्या शेजारचे आजोबा हे आकडे आजही स्वतःच्या रक्तदाबासारखे सांगतात. मग शापाची गोष्ट निघते. फीकलची बिडी अर्ली म्हणून वैदू बाई होती, तिनं म्हणे क्लेअरच्या हर्लिंगला शाप दिला होता. ती वारली 1874 साली, जीएए जन्माला यायच्या दहा वर्षं आधी. पण हरलेल्या काउंटीला तारखा दाखवून उपयोग नसतो.

बोहॅन हरले, असं म्हणणारे इथेही आहेत. मला ते मान्य नाही. त्या 1977-78 च्या संघात फीकलचाच जेर लॉकनन खेळत होता. 1995 मध्ये तोच मॅनेजर होता आणि क्लेअरनं आधी मन्स्टर, मग 1914 नंतर पहिल्यांदा ऑल-आयर्लंड जिंकलं. एका पिढीला आपण जिंकू शकतो असं वाटायला लावलं की त्याचं फळ पुढची पिढी खाते.

आता चित्र बदललंय, हेही सांगायला हवं. 1970 च्या दशकात दहातले नऊ कॅथलिक दर रविवारी मिस्सेला जात. नंतर चर्चमधल्या अत्याचारांची प्रकरणं उघड झाली, विश्वास गेला, नवे धर्मगुरू मिळेनासे झाले. एकेक फादर तीन-तीन धर्मग्रामं सांभाळतात, संघ कधी घेणार? क्लब मात्र चालूच आहेत. आमच्याकडे लहान मुलांना शिकवते ती गावातल्या औषधाच्या दुकानातली बाई, आणि ती माहर यांच्याच पद्धतीनं शिकवते: आधी डावीकडून शंभर, मग उजवीकडून शंभर.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं आजचं उत्तर असं, की आमचे फादर मैदानात काहीच करत नाहीत. कुंपणाशी उभे राहून मॅच बघतात. सामन्यांच्या वेळा हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, फादरही त्या ग्रुपवर आहेत, आणि रेफरीबद्दलची त्यांची मतं मिस्सेत सांगण्यासारखी नसतात.