डोंबिवलीत गाणं कुठे असतं?

मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि मी मिरजेहून दीड महिन्याच्या तयारीने डोंबिवलीला आले. जानेवारी संपत आला होता. औषधं, व्यायाम, स्वयंपाक असं सगळं मार्गी लागल्यावर एका दुपारी मी तिला विचारलं, "मावशी, इथे गाणं कुठे असतं गं?"

"इथे कुठलं गाणं! गाणं दादरला."

मग पायाखालची उशी सरळ करत तिने जे सांगितलं ते ऐकून मला फार वाईट वाटलं. तीस वर्षं ती नोकरीसाठी रोज मुंबईला जात होती. ऑफिस सुटल्यावर दादरला, प्रभादेवीला कितीतरी मैफली तिने ऐकल्या. पण मैफल जिने संपते त्या भैरवी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. साडेनऊ वाजले की पर्स काखेला मारायची, रांगेतल्या लोकांचे पाय चुकवत बाहेर यायचं आणि स्टेशन गाठायचं. डोंबिवली सीएसएमटीपासून ४८ किलोमीटर. दादरहून फास्ट गाडी मिळाली तरी पाऊणएक तास, त्यात घरी लहान मूल. "रंगात आलेलं गाणं सोडून उठायचं म्हणजे जेवत्या ताटावरून उठल्यासारखं वाटायचं," ती म्हणाली.

आमच्या मिरजेत तंबोऱ्याचे भोपळे गल्लीत वाळत असतात आणि उरुसाला दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ रात्र रात्र गाणं होतं. भैरवीआधी उठावं लागतं ही कल्पनाच मला नवीन होती. मावशीला तिच्याच गावात पूर्ण मैफल ऐकवायची, हे मी त्याच दुपारी मनाशी धरलं.

सुरुवात फोनवरून केली. "लाईव्ह म्युझिक" म्हणून जे समोर आलं ती सगळी हॉटेलं. शीळ रस्त्यावरच्या एका ठिकाणी मी गेलेही. गाणाऱ्या मुलाचा गळा खरोखर गोड होता, पण साथीला लॅपटॉपमधला ट्रॅक. त्याला एखादी जागा पुन्हा घ्यावीशी वाटली तरी ट्रॅक पुढे निघून जायचा. अर्ध्या तासात मी उठले.

मोठी सभागृहं आहेत. घरडा सर्कलजवळ सावित्रीबाई फुले नाट्यगृह आहे, कल्याणला आचार्य अत्रे रंगमंदिर. पण तिथल्या तारखा बहुतेक नाटकांच्या. कल्याण गायन समाज 1926 पासून शास्त्रीय संगीताचं काम करतोय आणि थोर गवई भास्करबुवा बखल्यांच्या नावाने त्यांचा देवगंधर्व महोत्सव होतो. तो डिसेंबरात होऊन गेला होता. कल्याण एका स्टेशनावर (ठाकुर्ली सोडलं तर पुढचंच), आणि मावशी तीस वर्षं उलट्या दिशेने जात राहिली. मुंबईबाहेरच्या गावांची हीच अडचण आहे. सगळ्यांचं तोंड मुंबईकडे.

वाट सापडली ती मावसभावाच्या तबल्यामुळे. माळ्यावरून खोके काढताना तो हाती लागला. वरचं चामडं, म्हणजे पुडी, फाटलेली, तिच्यावरच्या काळ्या शाईचे टवके उडालेले. मिरजेच्या माणसाला असं वाद्य बघवत नाही. विचारत विचारत स्टेशनजवळच्या एका गल्लीत तबला दुरुस्त करणाऱ्या काकांकडे पोचले. एका शटरचं दुकान. भिंतीला टांगलेल्या पुड्या, कोपऱ्यात पखवाजाची खोडं, वाद्यांच्या मधोमध मांडी घालून बसलेले काका. पुडीवर शाईचा एक पातळ थर द्यायचा, वाळत आला की दगडाने घोटायचा, वर पुन्हा थर. असे कितीतरी थर. मध्येच टिचकी मारून कान द्यायचे, मान हलवायचे आणि पुन्हा घोटायला लागायचे. मी तासभर नुसती बघत बसले.

मागे एक कॅलेंडर होतं, चौकटी पेनाने गच्च भरलेल्या. मी विचारलं, तर म्हणाले, "ताई, जो येतो तो म्हणतो अमक्या तारखेच्या आत पाहिजे. ती तारीख मी लिहून ठेवतो. कार्यक्रम त्याच दिवशी असतो."

गावातल्या गाण्याचं सगळं वेळापत्रक त्या कॅलेंडरवर होतं. माघी गणपतीची डबलबारी (दोन भजनी बुवांचा सामना), हळदीच्या सुपाऱ्या घेतलेली बेंजो पार्टी, गाडीतल्या भजनी मंडळाची ढोलकी, कुणाच्या क्लासची गुरुपूजा, आणि फेब्रुवारीअखेरच्या एका रविवारी सकाळी शाळेच्या हॉलमध्ये गायनाची बैठक. यातलं एकही फोनवर दिसलं नव्हतं. नव्या गावात गाणं शोधणाऱ्याने आधी वाद्यं दुरुस्त होतात ती जागा शोधावी, असं माझं आता पक्कं मत आहे.

गाडीतलं भजन पहिल्यांदा ऐकलं. मावशीच्या इन्शुरन्सच्या कागदांसाठी मुंबईला जायचंच होतं. काकांनी गाडी सांगितली, डबा सांगितला. तो डबा पुरुषांनीच भरलेला, म्हणून मी त्याला लागून असलेल्या लेडीजमध्ये चढले आणि मधल्या जाळीला पाठ लावून उभी राहिले. दिवा मागे पडलं तशी झांज सुरू झाली. आधी नामाचा गजर, मग रूपाचा अभंग, अगदी घरच्यासारखा क्रम. ढोलकीवाल्याला हात हलवायलाही जागा नसावी, तरी ठेका जराही ढळत नव्हता. गाडीने वेग घेतला तसा भजनाचा आवाजही चढला. माझ्या शेजारची बाई मेथी निवडत होती. तिने मान वर न करता कोरस धरला. ठाण्याला चढलेल्या दोघींनीही.

डबलबारी मात्र आयुष्यभर लक्षात राहील. दिवा, डोंबिवली, नालासोपारा, विरार ही सगळी कोकणातल्या माणसांनी भरलेली गावं, आणि माणसं आली तशी त्यांची भजनंही आली. मंडपात समोरासमोर दोन बाकडी मांडलेली. दोन बुवा, दोघांच्या पुढ्यात पेटी, बाजूला पखवाज, मागे झांजा आणि कोरस. मी लवकर जाऊन पखवाजवाल्याच्या जवळची जागा धरली. पंचविशीचा मुलगा, ऑफिसचं ओळखपत्र अजून गळ्यात. डब्यातून कणकेचा गोळा काढला, पाण्याचा हात लावून मळला आणि पखवाजाच्या धुम्यावर, म्हणजे डाव्या तोंडावर, थापायला लागला. थोडा थापायचा, थाप मारून ऐकायचं, चिमूटभर काढायचा. चार-पाच वेळा असं झाल्यावर जो खर्ज निघाला तो पोटात जाऊन बसला. मग ओळखपत्र काढून खिशात ठेवलं.

पहिल्या बुवांनी गजर, स्तवन, रूपावली अशी बारी बांधत नेली आणि शेवटी पुराणातला एक सवाल समोर टाकला. समोरचे बुवा गालात हसले. त्यांनी लगेच उत्तर दिलं नाही. आधी एक गवळण गायली, इतकी आर्त की शिट्ट्या मारणारी पोरंही गप्प झाली, आणि मग गजराच्या चालीवर सवाल उलगडून दाखवला. मंडप उभा राहिला. माझ्या मागचे आजोबा दहाची नोट घेऊन बाकड्यापर्यंत गेले, बुवांच्या पाया पडले आणि डोळे पुसत परत आले. गावाकडे डबलबारी पहाटेपर्यंत चालते. इथे परवानगी दहापर्यंतचीच होती. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद, हा 2000 सालापासूनचा नियम; सवलत मिळते ती वर्षातल्या मोजक्या दिवसांना. म्हणून ही मंडळी संध्याकाळी सहालाच बसतात. झोपलेल्या बाळाची, आजाऱ्याची काळजी मला कळते, आजारी माणूस आमच्याही घरात होतं. पण त्या दुसऱ्या बुवांना आणखी तासभर मिळायला हवा होता.

पुढच्या आठवड्यात भोपरच्या बाजूला आगरी घरातली हळद. बेंजो पार्टीतल्या ढोलकीवाल्याने बोलावलं म्हणून गेले, आणि तिथल्या बायकांनी परकं असं मानलंच नाही. बेंजो म्हणजे बुलबुलतरंगाचाच विजेवर चालणारा भाऊ. डाव्या हाताची बोटं टाइपरायटरसारख्या बटणांवर धावतात, उजवा हात तारा छेडतो, आणि साऱ्या गल्लीला नाचवायला तो एकटा पुरतो. पण माझा जीव अडकला तो संध्याकाळच्या धवलारिणीत, म्हणजे लग्नविधींची गाणी, धवले, गाणाऱ्या बाईत. साठीच्या पुढची बाई, हातात ना पेटी ना माईक. लग्नाचा एकेक विधी तिच्या धवल्यावर पुढे सरकत होता. ती गात होती, दुसरी तिची ओळ उचलत होती, आणि ती म्हणेपर्यंत कुणी हळदीला हात लावत नव्हतं. सगळं तोंडपाठ. "सुनेला शिकवताय का?" मी विचारलं. "ती कामाला जाते गो," एवढंच म्हणाली. कुणीतरी तिच्याजवळ बसून हे शिकून घ्यावं, असं मला कळकळीने वाटतं.

मग तो रविवार. मावशीला ऑपरेशन होऊन महिना झाला होता. काठी घेऊन चालत होती. शाळेचा हॉल तळमजल्यावर आहे हे मी आधीच बघून आले होते. रिक्षाने दहा मिनिटं. खाली सतरंज्या, मागे खुर्च्यांची एक रांग, ऐंशी-नव्वद माणसं. तंबोरे मिरजेचे. गवय्याने तोडी मांडली. रात्रीच्या मैफलींना जाणाऱ्या मावशीने सकाळचा राग समोर बसून कधी ऐकलाच नव्हता. ती खुर्चीत पुढे सरकून बसली होती. पहिल्या रांगेत दुकानातले काका होते, हात मांडीवर ठेका धरत.

साडेबाराला भैरवीचे सूर लागले तशी मावशीने सवयीने पर्स उचलली. माझ्याकडे बघितलं. मग पर्स खुर्चीखाली सरकवली, काठी माझ्या हातात दिली आणि दोन्ही हात मोकळे करून मांडीवर ठेवले.