डाव्या अंगाने

रविवार, १७ नोव्हेंबर

पहाटे साडेपाचला तलावावर. पाण्यावर वाफ होती. पायपंपाने कयाक, म्हणजे माझी हवेची वल्ह्याची होडी, फुगवायला दहा मिनिटं लागतात, तेवढ्यात बांधावरची पोट्टी “सर, हवा कमी हाये” सांगून जातात.

आमचा हा मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी, पूर्वी मालगुजारांच्या (सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या) ताब्यातला. भंडारा-गोंदियात असे गावोगाव आहेत, बरेचसे कोहळी समाजाने बांधलेले. मासे आणि शिंगाडे ढिवरांच्या संस्थेचे, म्हणून त्यांना विचारूनच उतरतो. लाइफ जॅकेट, गळ्यात शिट्टी, आणि परतायची वेळ घरी सांगितलेली. एकट्याने जायचं तर एवढं पाळतोच.

दोन वर्षं वल्हवतोय आणि आपण सरळ जातो असाच माझा समज. आज डोंग्यावरून जाळं काढणारे काका बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, “सर, तुमचा उजवा हात जास्त मारते, म्हून नाव डाव्या अंगाने पयते.” एवढंच बोलून पुन्हा जाळ्याला लागले. मी पुढचा अर्धा तास फक्त डावा हात सुधारत होतो. त्या नादात शिंगाड्याच्या वेलात घुसलो. एका काट्याने तळाला भोक पाडलं. फुस्स आवाज ऐकत काठ गाठला.

कॉलेजातल्या माझ्या वर्गाचंच डोक्यात होतं. या सत्रात लेखनाच्या कच्च्या मसुद्यांवर आकडा टाकणं बंद केलंय. नुसता शेरा, मग पुन्हा लिहून आणायचं. शिक्षण-मानसशास्त्रज्ञ रूथ बटलर यांचा १९८८ चा अभ्यास वाचल्यापासून हे डोक्यात होतं: नुसता शेरा मिळालेल्या मुलांचं काम सुधारलं, शेऱ्यासोबत गुणही दिले तर शेऱ्याचा फायदा उरला नाही. पटतंच. गुण दिसले की पोरं वही मिटतात, मीही तेच करायचो.

पण पहिला महिना वाईट गेला. “सर, किती?” हा एकच प्रश्न. काहींनी पुन्हा लिहिलंच नाही. गुणच नाहीत तर कशाला, आणि धानकापणीच्या दिवसांत त्यांना तरी काय बोलणार.

एकीने मात्र रोवणीवर, म्हणजे धानाच्या लावणीवर, चार वेळा लिहिलं. पहिल्यात ‘हिरवीगार शेते आणि आनंदी शेतकरी’. मी समासात विचारलं, रोवणीहून आल्यावर घरी काय होतं? चौथ्यात तिच्या आईच्या पायाला चिखल्या (चिखलात राहून बोटांमध्ये होणाऱ्या जखमा) झाल्या आहेत, ती रात्री बोटांच्या बेचक्यांत मेंदी भरून, पाय खाटेबाहेर काढून झोपते, आणि त्या खाटेला अडखळू नये म्हणून सगळं घर भिंतीकडून चालतं. हे वाचून मी पेन खाली ठेवलं.

विद्यापीठाला शेवटी २० पैकी आकडा लागतोच. म्हणून प्रत्येकाला स्वतःचे गुण कारणांसह लिहायला सांगितले. दोनदाच लिहिलेल्या एका पोट्ट्याने स्वतःला २० दिले. तिने दिले ११. कारण? “शुद्धलेखन चुकते.” पोट्ट्याला बोलावून विचारता येईल, पण तिला ११ कुणी शिकवले? बहुतेक आम्हीच, पहिलीपासून. मी १७ देणार होतो. आता माझाही आकडा तसाच हवेतला वाटतोय.

मंगळवारी गुण भरायचे आहेत. कयाकला पॅच लावलाय, उद्यापर्यंत दाबून ठेवायला हवा. वजनाला मागच्या वर्षीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा ठेवलाय.